दुय्यमातील तिसरा पक्ष : शाब्दिक झुंज आणि श्रोत्याचे मन

प्रस्तावना

दोन कलावंतांनी एकमेकांचे नाव घेऊन अपमानकारक रचना सादर कराव्यात आणि भोवतीच्या समुदायाने दोन तटांत विभागून जावे, हा प्रकार रॅप संगीताच्या निमित्ताने आपल्या विद्यार्थ्यांच्या चर्चेचा नित्याचा विषय झाला आहे. २०१८ मध्ये रफ्तार आणि एमिवे बंटाय या दोन हिंदी रॅप गायकांमध्ये एका मुलाखतीतील वक्तव्यावरून गीतयुद्ध जुंपले. त्यानंतर एमिवे आणि पुण्याच्या ताडीवाला रस्ता वस्तीतून पुढे आलेला एमसी स्टॅन यांच्यात तसेच घडले. २०२४ मध्ये अमेरिकेतील केंड्रिक लमार व कॅनडातील ड्रेक यांच्यातील वाद जगभर ऐकला गेला. महाविद्यालयाच्या आवारात या वादांविषयी बोलणाऱ्या तरुणांचा आवेश पाहिला, तर तो केवळ संगीताच्या आवडीतून आलेला नाही, हे सहज लक्षात येते. ज्याला त्यांनी कधी पाहिलेले नाही अशा माणसाचा पराभव त्यांना सुखावतो आणि ज्याच्याशी त्यांचा काडीचाही संबंध नाही त्याचा अपमान त्यांना झोंबतो.

अध्यापकवर्गाची प्रतिक्रिया बहुधा 'पाश्चात्त्य विकृतीचे अंधानुकरण' एवढ्यावर थांबते. हा निवाडा सोयीचा आहे, पण तो आपल्याच अंगणाकडे पाठ फिरवून दिलेला आहे. ज्या जिल्ह्यात आपण अध्यापन करतो, त्या जिल्ह्यात दिवाळीनंतरच्या मंडईत दोन शाहीर समोरासमोर उभे राहून एकमेकांची उणीदुणी काढतात आणि हजारो लोक उभ्याने ते ऐकतात. शाब्दिक झुंजीची आपली परंपरा रॅपच्या कित्येक पिढ्या आधीची आहे. म्हणून 'हे कोठून आले' हा प्रश्न बाजूला ठेवून, या झुंजीत श्रोत्याच्या मनात नेमके काय घडते आणि ते केव्हा बिघडते, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारला आहे. आजवरची समीक्षा झुंजणाऱ्या दोघांविषयी बोलत आली. येथे लक्ष तिसऱ्या पक्षाकडे आहे.

दुय्यम आणि कलगी-तुरा

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. प्रशासकीय सीमा नवी असली तरी सांस्कृतिक दृष्टीने हा झाडीपट्टीचाच प्रदेश. एका अंगाला बालाघाट, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड. त्यामुळे झाडीबोली, पोवारी, हिंदी, छत्तीसगढी आणि गोंडी एकाच बाजारात ऐकू येतात. भाऊबीज आटोपली की गावोगावी मंडई भरू लागते. शेजारची गावे आपापल्या मंडईचे दिवस वेगवेगळे ठेवतात, जेणेकरून एका गावचे पाहुणे दुसऱ्या गावच्या मंडईला जाऊ शकतील. लेकी माहेरी येतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात, आणि या सगळ्या गजबजाटात दंडार, खडी गंमत आणि रात्री नाटक असा कार्यक्रम असतो.

खडी गंमत उभ्याने सादर होते, म्हणून ती खडी. पुढे शाहीर, मागे झील धरणारे साथीदार, ढोलकी आणि तुणतुणे, शिवाय स्त्रीवेषातील पुरुष नर्तक, असा तिचा साधा थाट. तिचेच झुंजीचे रूप म्हणजे 'दुय्यम'. प्रमाण मराठीत दुय्यम म्हणजे कमी प्रतीचा. मंडईच्या पत्रकावर मात्र त्याचा अर्थ दोन पक्षांचा सामना. बाहेरून बदलून आलेल्या एखाद्या प्राध्यापकाला 'दुय्यम खडी गंमत' ही दुसऱ्या दर्जाची करमणूक वाटली, तर दोष शब्दाचा नाही. कव्वालीच्या सामन्यांनाही पूर्व विदर्भात हाच शब्द लावला जातो.

सामन्याची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. गण-गौळण झाल्यावर एक शाहीर सवाल टाकतो, दुसरा जवाब देतो. आरंभी पुराणातील कोडी असतात. मग हुंडा, दारू, महागाई असे चालू विषय येतात. आणि रंग चढला की प्रतिस्पर्ध्याचा आवाज, त्याचे वय, त्याचे पोट, त्याचे गाव आणि त्याचा गुरू यांच्यावर घसरगुंडी सुरू होते. प्रेक्षकांची खरी गर्दी या शेवटच्या टप्प्यावर दाटते, हे कबूल केलेच पाहिजे. लोककलेच्या अभ्यासकांनी पुराणातील कोड्यांचे संकलन प्रेमाने केले, पण या टप्प्याला 'अश्लीलतेकडे झुकणारा भाग' म्हणून चिमट्याने बाजूला ठेवले. त्यामुळे जेथे श्रोत्याचे मन सर्वाधिक गुंतलेले असते, नेमका तोच भाग अभ्यासाविना राहिला.

दुय्यमामागे कलगी-तुऱ्याची जुनी व्यवस्था उभी आहे. तुरेवाले शिवाला, म्हणजे पुरुषतत्त्वाला श्रेष्ठ मानतात. कलगीवाले शक्तीला, म्हणजे प्रकृतीला. तुकनगीर गोसावी आणि शाहअली फकीर हे या दोन पंथांचे आद्य पुरुष समजले जातात. चंदेरीच्या राजाने त्यांच्या वादावर प्रसन्न होऊन एकाला तुरा आणि दुसऱ्याला कलगी दिली, अशी आख्यायिका मध्य भारतापासून महाराष्ट्रापर्यंत सांगितली जाते. तिची ऐतिहासिकता हा वेगळा प्रश्न. तिची रचना मात्र विचार करण्यासारखी आहे. या कथेत ऐकणारा आहे, तो न्यायाधीश आहे, आणि तो कोणालाच हरवत नाही. तुरा आणि कलगी हे दोन्ही पागोट्याचेच अलंकार. परंपरेने आपल्या उगमकथेतच आदर्श श्रोत्याचे चित्र काढून ठेवले आहे. प्रत्यक्षातला श्रोता त्या राजासारखा क्वचितच वागतो, हे अर्थात परंपरेलाही ठाऊक होते.

बाजू घेणारे मन

श्रोता बाजू का घेतो? त्याला एका शाहिराची रचना अधिक आवडते म्हणून, हे उत्तर अपुरे आहे. हेन्री ताजफेल या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने ब्रिस्टल येथील शाळकरी मुलांवर केलेले आणि १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग येथे आठवतात. मुलांना पॉल क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रे दाखवली गेली आणि तुमच्या आवडीनुसार तुमचे गट केले आहेत, असे सांगण्यात आले. वास्तविक गट यदृच्छेने पाडले होते. तरीही पैसे वाटण्याची वेळ आली तेव्हा मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, आपल्या गटाला एकूण थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण दुसऱ्या गटापेक्षा जास्त मिळाले पाहिजे, असा त्यांचा कल दिसला. मनाला लाभापेक्षा फरक प्रिय असतो. चित्रकारांच्या नावावर हे होत असेल, तर गाव, गुरुपरंपरा, वस्ती आणि बोली यांच्या नावावर किती होईल, हे वेगळे सांगायला नको.

एकदा बाजू घेतली की ऐकणेच बदलते. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल यांनी १९५४ मध्ये प्रिन्स्टन व डार्टमथ यांच्यातील एका धसमुसळ्या फुटबॉल सामन्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीच चित्रफीत दोन्ही महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना दाखवली असता, प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथच्या खेळाडूंचे जेवढे नियमभंग दिसले, त्याच्या निम्मेच डार्टमथच्या विद्यार्थ्यांना दिसले. दोघेही खोटे बोलत नव्हते. 'त्याने जवाब दिलाच नाही, विषय टाळला' आणि 'कसा तोंडावर जवाब मारला' ही दोन वाक्ये मंडईत एकाच ओळीनंतर ऐकू येतात, ती याच कारणाने.

तरी गटनिष्ठेने सगळे उलगडत नाही. ज्याची कोणतीच बाजू नाही असा वाटसरूही दुय्यमापाशी थांबतो आणि हसतो. येथे फ्रॉइडचे १९०५ मधील विनोदविषयक विवेचन अधिक उपयोगी पडते. शत्रुत्व व्यक्त करणाऱ्या विनोदाला त्याच्या मते तीन माणसे लागतात : विनोद करणारा, ज्याच्यावर तो होतो तो, आणि जो ऐकतो तो. विनोद करणारा ऐकणाऱ्याला सुखाची लाच देऊन आपल्या बाजूला ओढतो. उघड शिवी दिली असती तर ऐकणारा कदाचित अवघडला असता. यमकात बसवलेली शिवी मात्र त्याचा विवेक जागा होण्यापूर्वीच त्याला हसवून जाते. हसला की तो सामील झाला. श्रोत्याचे हसणे हा निर्दोष अभिप्राय नसतो, तो एक कृतिसहभाग असतो, हे फ्रॉइडचे म्हणणे शाब्दिक झुंजीच्या कोणत्याही समीक्षेचा पाया व्हायला हवे.

भारतीय काव्यशास्त्राने हाच प्रश्न उलट बाजूने पाहिला आहे. भट्टनायकाच्या साधारणीकरणाच्या सिद्धान्तानुसार रंगभूमीवरील भाव 'माझा' किंवा 'त्याचा' राहत नाही, म्हणून तो आस्वाद्य होतो. अभिनवगुप्ताने रसविघ्नांची चर्चा करताना, स्वगत किंवा परगत म्हणून भावाला चिकटून बसणे हे एक विघ्न मानले. या कसोटीवर पक्षपाती श्रोता हा रसिकच नव्हे. प्रस्तुत लेखकाला ही कसोटी दुय्यमासाठी जशीच्या तशी मान्य करता येत नाही. दुय्यमात 'माझा' आणि 'त्याचा' हा भेद पुसला तर खेळच उरत नाही. येथील आस्वाद हा भेद धरून ठेवण्यात आणि त्याच वेळी तो खेळातला आहे हे न विसरण्यात आहे. श्रोता दोन पातळ्यांवर एकाच वेळी जगतो. ही दुहेरी जाणीव श्रोत्याला आपोआप लाभत नाही. ती त्याला कोणीतरी, कशानेतरी मिळवून द्यावी लागते.

खेळाची चौकट

ग्रेगरी बेटसन याने १९५५ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात प्राण्यांच्या लुटुपुटूच्या भांडणाचा विचार केला आहे. खेळातला चावा चाव्याची खूण करतो, पण चाव्यातून जे सूचित झाले असते ते सूचित करीत नाही. 'हा खेळ आहे' असा संदेश दोन्ही बाजू एकमेकांना सतत देत असतात आणि तो संदेश थांबला की चावा खरा होतो.

विल्यम लबोव्ह या भाषावैज्ञानिकाने १९७२ मध्ये हार्लेममधील कृष्णवर्णीय मुलांच्या सांकेतिक शिवीगाळीचे जे नियम मांडले, ते याच संदेशाचे व्याकरण आहे. रॅपमधील झुंजीचे एक मूळ या प्रथेत आहे. लबोव्हचे निरीक्षण असे की, सांकेतिक अपमान उघडउघड खोटा असावा लागतो. प्रतिस्पर्ध्याच्या आईविषयी केलेले विधान इतके अतिशयोक्त असते की, ते खरे असण्याची शक्यता कोणाच्याच मनात येत नाही. म्हणून त्याला उत्तर म्हणून त्याहून अचाट विधान येते. पण विधान खरे असण्याची शक्यता निर्माण झाली, तर मुलगा प्रतिटोला न देता नकार देतो, 'तसे काही नाही' म्हणतो, आणि त्या क्षणी खेळ संपून भांडण सुरू होते. शिवाय प्रत्येक टोल्याचे मोल भोवतीची मुले हसून, ओरडून ठरवीत असतात. तिसऱ्या पक्षाशिवाय हा प्रकार संभवतच नाही.

दुय्यमाची चौकट हे काम कशी करते? एक तर दोघे एकाच मांडवात उभे असतात. अपमान करणाऱ्याला अपमानिताचा चेहरा दिसतो आणि आपण थांबल्यावर तो बोलणार आहे, हेही ठाऊक असते. जवाब देण्याचा हक्क हा येथे दान म्हणून मिळत नाही. त्याच्यावाचून कार्यक्रमच पुढे सरकत नाही. दुसरे, अपमान चालीत बसवावा लागतो आणि जवाब पुष्कळदा त्याच चालीत द्यावा लागतो. राग आला तरी तो मात्रा मोजून व्यक्त करायचा, ही सक्ती रागाला थंड करते. झील धरणारे साथीदार ओळ उचलतात तेवढ्या वेळात शाहिराला विचार करायला सवड मिळते, आणि श्रोत्यालाही. बक्षिसांची रीत मला यापेक्षाही सूचक वाटते. श्रोता नोट पुढे करतो, शाहीर त्याचे नाव व गाव पुकारतो. आणि घटकाभराने तोच माणूस दुसऱ्या शाहिराच्या एखाद्या बिनतोड जवाबावर त्यालाही नोट देतो. पक्ष जाहीर होतो आणि जाहीरपणे बदलताही येतो. आपल्या सार्वजनिक जीवनात मत बदलणाऱ्याला इतक्या सन्मानाने वागवणारी जागा दुसरी कोणती आहे, असा प्रश्न पडतो.

याचा अर्थ शाहिरी परंपरा गोडीगुलाबीची होती असा नव्हे. होनाजी आणि सगनभाऊ यांच्या स्पर्धेच्या कथा आपण वाङ्मयेतिहासात शिकवतो. हरलेल्याचे वाद्य काढून घेतल्याच्या आठवणीही सांगितल्या जातात. कटुता होतीच. पण तिला सकाळ होती. फड मोडला, मांडव उतरला, की दोघांचे पोट त्याच मंडयांवर अवलंबून असे. पुढच्या गावी पुन्हा समोरासमोर उभे राहायचे, तर प्रतिस्पर्ध्याला संपवून चालत नाही.

चौकट सुटल्यावर

शाब्दिक झुंज आखाड्यातून थेट मोबाइलवर आली, असे मानण्याचे कारण नाही. मधला एक टप्पा छापील शब्दाचा आहे. आचार्य अत्रे आणि ना. सी. फडके यांचा वाद महाराष्ट्राने चवीने वाचला. तेथे दोघे एका मांडवात नव्हते. वाचक आपापल्या घरी, आपापले वृत्तपत्र घेऊन बसलेला होता. अत्र्यांच्या विनोदाची ताकद वादातीत आहे, पण त्या वादांतील पुष्कळ मजकूर आज वाचताना हसू येण्याआधी संकोच वाटतो. तो मजकूर बोलला गेला असता आणि समोरच्याने लगेच उत्तर दिले असते, तर कदाचित एवढा लांबला नसता.

ध्वनिमुद्रित रॅपने हा दुरावा पूर्ण केला. तरी आरंभी श्रोत्यांचा लवाद टिकून होता. २००१ मध्ये नॅस आणि जे-झी यांच्यातील वादात न्यूयॉर्कच्या एका रेडिओ केंद्राने श्रोत्यांचे दूरध्वनीवरून मत घेतले आणि कौल नॅसच्या बाजूने गेला. २००५ मध्ये दोघे एका रंगमंचावर आले. कलगी-तुऱ्याच्या आख्यायिकेला शोभेल असाच हा शेवट. त्याच्या अगोदर, १९९६ आणि १९९७ मध्ये टुपाक शकूर आणि नोटोरियस बी.आय.जी. या दोन परस्परविरोधी गायकांचे खून झाले होते, हे विसरता येत नाही. ते खून गाण्यांमुळेच झाले असे म्हणण्याचे धाडस करू नये; पण बातमीदारी, कंपन्या आणि चाहते यांनी मिळून पूर्व किनारा विरुद्ध पश्चिम किनारा असे जे दोन गट उभे केले, ते ताजफेलच्या मुलांच्या गटांहून फार वेगळे नव्हते.

२०२४ चा वाद मात्र श्रोत्याच्या मनाविषयी अगदी नवा प्रश्न उभा करतो. ४ मे २०२४ रोजी प्रसिद्ध झालेल्या केंड्रिक लमारच्या 'नॉट लाइक अस' या गीतात ड्रेकवर अल्पवयीन मुलींच्या संदर्भातील गंभीर आरोप आहे. लबोव्हचा नियम येथे मोडला. आरोप उघडउघड खोटा नाही. तो खरा असू शकतो असे वाटावे, यातच त्याची धार आहे. ड्रेकने नकार दिला, आणि लबोव्हच्या व्याकरणात नकार म्हणजे खेळाचा शेवट. खेळ संपला, पण गाणे थांबले नाही. १९ जून रोजी कॅलिफोर्नियातील कार्यक्रमात ते लागोपाठ पाच वेळा गायले गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला पाच ग्रॅमी पुरस्कार मिळाले आणि त्याच महिन्यात सुपर बोलच्या मध्यंतरात सारे मैदान आरोपाची ओळ एकमुखाने म्हणत होते.

जानेवारी २०२५ मध्ये ड्रेकने आपल्याच ध्वनिमुद्रण कंपनीविरुद्ध बदनामीचा दावा केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयाने तो फेटाळला. सुजाण श्रोता अशा तापलेल्या गीतयुद्धातील विधाने वस्तुस्थिती म्हणून घेणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय. काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला या निर्णयाचा आनंदच व्हावा. 'सहृदया'ला न्यायालयात साक्षीला बोलावल्यासारखे झाले. कलास्वातंत्र्याच्या दृष्टीने निर्णय योग्यही असेल. पण न्यायालयाने कल्पिलेला श्रोता आणि मैदानातला श्रोता एक नव्हेत. मैदानातला श्रोता आरोपावर विश्वास ठेवीत नाही आणि अविश्वासही दाखवीत नाही. खरे-खोटे हा प्रश्नच त्याने बाजूला सारलेला असतो. त्याला हजारोंच्या आवाजात आपला आवाज मिसळण्याचे सुख हवे असते. दुय्यमातील श्रोत्याची जी दुहेरी जाणीव, तिच्याशी याचे वरवर साम्य आहे. पण दुय्यमात समोरचा उभा होता आणि पुढची ओळ त्याची होती. मैदानात तो अनुपस्थित होता. अनुपस्थिताविषयी सामूहिक रीतीने म्हटलेली ओळ ही झुंज राहत नाही, तिला दुसरे नाव शोधावे लागेल.

आपल्या मंडईलाही हे लागू होऊ लागले आहे. दुय्यमाचे चित्रण आता मोबाइलवर होते आणि त्यातील दोन-तीन मिनिटांचे तुकडे यूट्यूबवरून फिरतात. सवाल एका तुकड्यात, जवाब दुसऱ्यात, आणि बहुधा सवालच अधिक पाहिला जातो. मांडवात तीन तास उभे राहिलेल्या माणसाने जे हसून सोडून दिले, ते दुसऱ्या तालुक्यातील माणूस एकट्याने, रात्री, पुन्हा पुन्हा ऐकतो. तोच श्रोता, तेच मन, तीच गटनिष्ठा; त्याच्या हातातून जवाबाची वाट पाहण्याची सवय तेवढी काढून घेतली गेली आहे.

जे कधीच खेळ नव्हते

येथपर्यंतच्या विवेचनातून मांडव चांगला आणि मोबाइल वाईट, असा अर्थ कोणी काढील. तो मान्य नाही, कारण मांडवाच्या चौकटीने सर्वांना सारखे संरक्षण कधीच दिले नाही.

कलगीवाला शक्तीचे श्रेष्ठत्व गातो. गाणारा पुरुष, जवाब देणारा पुरुष, स्त्रीवेषात नाचणाराही पुरुष. तत्त्वात स्त्री आदिमाया, आणि टोला मारायची वेळ आली की प्रतिस्पर्ध्याची बायको, आई, बहीण. जिचा अपमान होतो तिला जवाबाची पाळी नाही, कारण ती सामन्यात नाहीच. श्रोतृवर्गात मागे बसलेल्या स्त्रियाही हसतात, हे खरे. परंतु फ्रॉइडने सांगितलेली लाच त्यांनाही लागू आहे आणि सामील न होण्याची किंमत त्यांच्यासाठी अधिक आहे. रॅपची कथा वेगळी नाही. २००१ च्या त्याच वादात जे-झीने नॅसच्या मुलीच्या आईविषयी हीन उद्गार काढले, तेव्हा त्याच्या स्वतःच्या आईने त्याला माफी मागायला लावली आणि त्याने ती जाहीरपणे मागितली. सामन्याची सीमा येथे ना प्रतिस्पर्ध्याने आखली, ना रसिकांनी. ती आखणारी व्यक्ती सामन्याबाहेरची होती, आणि तिला तो अधिकार कलेने दिलेला नव्हता.

जातीचा प्रश्न याहून अवघड. सांकेतिक अपमान उघड खोटा असावा, ही लबोव्हची अट आपल्याकडे आणली की एक गोष्ट ताबडतोब स्पष्ट होते : जातीवरून केलेला अपमान कधीही खेळ होऊ शकत नाही. 'तुझे पोट नगाऱ्याएवढे' हे खोटे आहे, म्हणून हसता येते. जात खोटी नसते. ती मांडवाबाहेरही असते, उद्या सकाळी पाणवठ्यावरही असते, आणि अतिशयोक्तीने ती हलकी होत नाही. झाडीपट्टीतील अनेक गुणी शाहीर व कलावंत ज्या समाजघटकांतून आले, त्यांना यमकात गुंडाळलेला हा टोला किती वेळा सोसावा लागला असेल, याची नोंद गाण्यांच्या संग्रहांत सापडत नाही. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याने १९८९ मध्ये 'सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा ठिकाणी' केलेला हेतुपुरस्सर अपमान हा गुन्हा ठरवला. अपमानात पाहणाऱ्याचे स्थान किती मोठे आहे, हे आपल्या सौंदर्यशास्त्रापेक्षा या कायद्याने अधिक नेमके ओळखले आहे, असे मला वाटते. तेव्हा विद्यार्थी एखाद्या रॅप गीताच्या बाजूने भांडत येतील, तेव्हा 'हे अश्लील आहे का' या प्रश्नाऐवजी त्यांना दोन प्रश्न विचारावेत : ज्याच्याविषयी हे म्हटले आहे त्याला याच चालीत उत्तर देता येते का, आणि म्हटलेले खरे असते तरी तुम्ही हसला असतात का? वर्गात हे प्रश्न कलगी-तुऱ्याच्या पाठाबरोबरही विचारता येतील.

श्रोत्याची नोंद

वा. वि. मिराशी यांनी भवभूतीचे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर, असे मानले. ते मत ग्राह्य धरले, तर निंदकांना संस्कृत साहित्यातील सर्वांत प्रसिद्ध उत्तर देणारा कवी गोंदिया जिल्ह्याचा ठरतो. 'मालतीमाधव'च्या प्रस्तावनेत त्याने आपली अवहेलना करणाऱ्यांना उत्तर दिले, पण श्रोत्यांना त्यांच्याविरुद्ध उभे केले नाही. काळाच्या ओघात कधीतरी जन्मणाऱ्या समानधर्म्याकडे त्याने पाहिले. मंडईतील शाहिराला एवढी सवड नसते. त्याचा समानधर्मा आजच, समोरच्या गर्दीत असावा लागतो.

त्या गर्दीविषयी आपल्यापाशी लिखित साधने जवळजवळ नाहीत. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोली आणि तिच्या लोकरंगभूमीचे मोलाचे काम उभे केले. गीते, वाद्ये, कलावंत यांच्या नोंदी त्यामुळे आज उपलब्ध आहेत. पण कोणत्या ओळीवर कोणता कोपरा हसला, कोणत्या ओळीवर कोण गप्प राहिले, कोणी दोन्ही शाहिरांना बक्षीस दिले, कोणत्या शब्दानंतर बायका उठून गेल्या, ही माहिती गीतांच्या वहीत येत नाही. ती मिळवणे अवघड नाही. जिल्ह्याच्या आठ तालुक्यांतील महाविद्यालयांत मराठी, समाजशास्त्र आणि मानसशास्त्र यांचे विभाग आहेत आणि विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जण मंडईच्या गावांतलेच आहेत. एका दुय्यमासाठी तीन विद्यार्थी पुरतील : एकाने सवाल-जवाब सलग, न तोडता मुद्रित करावेत, दुसऱ्याने ध्वनिग्राहक रंगमंचाकडे पाठ करून श्रोत्यांकडे धरावा, आणि तिसऱ्याने, शक्यतो विद्यार्थिनीने, स्त्रिया बसतात त्या बाजूला बसून वही लिहावी. तोच कार्यक्रम आठ दिवसांनी तुकड्यांच्या रूपात मोबाइलवर फिरू लागला की, ज्यांनी मांडवात तो पाहिला आणि ज्यांनी पाहिला नाही अशा दोघांनाही तो ऐकवून त्यांचे म्हणणे टिपावे. भाऊबीजेपासून पुढचे कित्येक आठवडे मंडया चालतात. पहिल्या सत्राची परीक्षा साधारण याच सुमारास येते, ही अडचण तेवढी विभागप्रमुखांनी आधी लक्षात घ्यावी लागेल.